दोरीखालून गेलेला बॉल

मी ज्या मैदानांवर सॉफ्टबॉल खेळले आणि पुढे ज्यांच्यावर अंपायर म्हणून उभी राहिले, त्यांतल्या बहुतेकांना कुंपण नव्हतं. रिसोडला आमच्या शाळेमागच्या मैदानाच्या एका अंगाला कुणाचं तरी सोयाबीन होतं, दुसऱ्या अंगाला रस्ता. वाशिमला जिथं जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा व्हायच्या तिथंही तसंच. बांबू रोवायचे, गुडघ्याच्या उंचीवर सुताची दोरी ताणायची आणि दोरीखाली चुन्याची रेघ मारायची, की झाली सीमा. नियमांच्या पुस्तकात कुंपण किती उंच, किती लांब हे सगळं छापलेलं होतं. आमच्याकडे दोरी होती आणि तिच्याखालून बॉल जायचा.

बॉल असा बाहेर गेला की कुणाला किती बेस द्यायचे हे अंपायरनं ठरवायचं असतं. खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मैदानावर चार बेस असतात, चौथा म्हणजे होम. बॅट करणारी बॉल मारते आणि पळत सुटते. आधीच्या ज्या मुली बेसवर उभ्या असतात त्याही पळतात. होमवर परत आली की एक रन. मारलेला बॉल हवेतूनच दोरीपलीकडे पडला तर होमरन, सगळ्या घरी. टप्पा खाऊन, घरंगळत दोरीपलीकडे गेला तर खेळ तिथंच थांबतो आणि प्रत्येकीला दोन बेस मिळतात. हे दोन बेस मोजायचे ते बॉल टाकणाऱ्या मुलीच्या, म्हणजे पिचरच्या हातून बॉल सुटला तेव्हा ती जिथं होती तिथून. मधल्या वेळात ती कितीही पुढं पळालेली असो.

हे मला ज्यांनी शिकवलं ते सर मी आठवीत असताना रिसोडला बदलून आले. बाहेर चिखल असला की ते वर्गातल्या फरशीवर खडूनं चौकोन काढायचे आणि चिंचोके मांडायचे. एकेक चिंचोका म्हणजे पळणारी मुलगी.

"बॉल दोरीखालून गेला. पहिल्या बेसवरचा चिंचोका कुठं जाईन?"

"तिसऱ्यावर, सर."

"तो आधीच होमवर जाऊन बसला असंन तं?"

"तरी वापस तिसऱ्यावर."

"काहून?"

"बॉल सुटला तेव्हा तो पहिल्यावर होता म्हणून."

सर खूश व्हायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, "आन बॉल सीमेच्या आत थांबला, पण फिल्डरनं त्याले पायानं बाहेर ढकललं तं?" आम्ही पुन्हा 'तिसऱ्यावर' म्हणालो. तेव्हा त्यांनी तो चिंचोका उचलून सरळ होमवर ठेवला. "मंग ढकललं त्या टायमाले जे जिथं असंन, तिथून दोन बेस. लबाडी करून कोनाचा रन वापस घेता येत नाई. म्हनून अंपायरनं बॉल कुठं गेला ते पाहू नये, कसा गेला ते पाहावं."

मी कॅचर होते, म्हणजे होममागं बसून बॉल झेलणारी. बरी खेळायचे, पण फार पुढं गेले नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मंगरूळपीरला एका खाजगी शाळेत लागले, तेही कंत्राटावर. तोवर सर वाशिमच्या एका मोठ्या शाळेत गेले होते आणि जिल्ह्यातला सॉफ्टबॉल म्हणजे सर असं झालं होतं. त्यांनीच मला अंपायरची परीक्षा द्यायला लावली. "बाईमानूस अंपायर जिल्ह्यात एकबी नाई. तू हो," म्हणाले. मी पास झाले तेव्हा त्यांनी मला होम प्लेट झाडायचा छोटा ब्रश आणि स्ट्राइक मोजायचं यंत्र दिलं. पहिल्यांदा मैदानात उतरले तेव्हा पालक हसत होते. दुसऱ्या वर्षी कुणी हसलं नाही. मॅडमचा निकाल म्हणजे निकाल, असं लोक म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, फार होता.

ज्या मॅचबद्दल सांगायचं आहे ती जिल्ह्याची फायनल होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, म्हणजे पावसाळा सरत आला होता. एका बाजूला सरांच्याच शाळेचा संघ, त्याचे प्रशिक्षक सरांच्या हाताखालचे एक नवे शिक्षक. दुसऱ्या बाजूला मानोरा तालुक्यातली, पोहरादेवीच्या अंगाची एक आश्रमशाळा. होम प्लेटमागं मुख्य अंपायर सर, बेसवर मी. आपल्याच शाळेच्या मॅचला सर उभे राहतात यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. जिल्ह्यात अंपायर होतेच मोजके, आणि सरांवर शंका घेणारं कुणी नव्हतं. मी तर नव्हतेच.

आश्रमशाळेच्या पोरी एका जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून आल्या होत्या. नऊ जणींत सात ग्लोव्ह्ज. मागं उभ्या राहणाऱ्या दोघी उघड्या हातानं बॉल अडवायच्या. त्यांना शिकवणारे गुरुजी खेळाचे नव्हतेच, गणिताचे होते. आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक नाही म्हणून त्यांनी पुस्तक आणून नियम पाठ केले होते आणि पोरींना खेळायला लावलं होतं. पायात चपला, शर्टाच्या खिशात घडी घातलेलं ते नियमांचं पुस्तक. मॅचआधी सरांनी दोन्ही प्रशिक्षकांना होम प्लेटपाशी बोलावून सीमेचे नियम सांगितले, तेव्हा या गुरुजींनी एकच प्रश्न विचारला.

"दोरी ढिल्ली हाये सर. बॉल दोरीले लागून आतच थांबला तं?"

"तं खेळ चालू," सर म्हणाले.

त्या संघातली एक पोरगी माझ्या लगेच लक्षात आली. नववीतली, किडकिडीत. बूट सक्तीचे म्हणून तिनं कुणाचे तरी घालून आणले होते. दोन नंबर मोठे, आत फडकी कोंबलेली. तशा बुटांनीही ती अशी पळायची की कॅचरनं बॉल उचलेपर्यंत ही पुढच्या बेसवर उभी. तिसऱ्या इनिंगला ती दुसऱ्या बेसवर घसरत आली आणि मी हात पसरून 'सेफ' दिलं, तेव्हा मातीतूनच माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. अंपायरनं हसू नये, पण हसले.

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. वाशिमचा संघ एका रननं पुढं. आश्रमशाळेच्या दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की त्यांचा डाव संपणार. ही पोरगी पहिल्या बेसवर होती आणि बॅटिंगला त्यांची सगळ्यांत उंच मुलगी. तिनं दुसराच बॉल डाव्या अंगाला मारला. तिसऱ्या बेसवरच्या वाशिमच्या मुलीच्या डोक्यावरून गेला, पुढं टप्पा पडला आणि सोयाबीनच्या दिशेनं घरंगळत सुटला. दोरीजवळचं गवत कापलेलं नव्हतं. मी त्याच्यामागं धावले, कारण तिकडं बघणं माझं काम होतं.

बॉल गवतात मंदावला आणि थांबला. दोरीच्या अलीकडं, वीतभर आत. मी वीस-एक पावलांवर होते. वाशिमची फिल्डर तिथं पोचली. तिनं आधी बॉलकडं बघितलं, मग मान वळवून मैदानाकडं बघितलं. आश्रमशाळेची पोरगी तेव्हा तिसरा बेस ओलांडून होमकडं निघालेली होती. फिल्डर अडखळल्यासारखी वाकली आणि बुटाच्या आतल्या बाजूनं तिनं बॉल हळूच ढकलला. तो दोरीखालून सोयाबीनमध्ये गेला. लगेच तिनं दोन्ही हात वर केले. बॉल बाहेर गेला की फिल्डरनं हात वर करायचे असतात, म्हणजे अंपायरला कळतं.

मी पण हात वर केले. डेड बॉल, म्हणजे खेळ थांबला.

होमवर आश्रमशाळेच्या पोरी नाचत होत्या. एक रन झाला होता, बरोबरी झाली होती. त्यांचे गुरुजी तिसऱ्या बेसपाशी उभे असायचे, पळणाऱ्या मुलींना सांगायला. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते हात हलवत पळत आले.

"लाथ मारली! सर, त्या पोरीनं पायानं ढकललं! बॉल आत थांबला होता!"

सरांनी तोंडावरची जाळी काढली, काखेत धरली आणि सावकाश चालत माझ्यापर्यंत आले. वाशिमचे प्रशिक्षकही आले. आम्ही चौघं. सरांनी बाहीनं घाम पुसला.

"पोरी, तुले काय दिसलं?" ते मला नेहमी पोरी म्हणायचे. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं विचारलं, "आपोआपच गेला नं बॉल?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धाक नव्हता, काहीच नव्हतं. फरशीवर चिंचोके मांडून उत्तराची वाट बघायचे, तसे ते वाट बघत होते.

"हो सर," मी म्हणाले. "आपोआप गेला."

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला नीट दिसलं नव्हतं. गवत होतं, उन्हं तिरपी होती, ती मुलगी खरंच अडखळली असेल. हे मी इतक्यांदा सांगितलं की तसं घडलेलं मला दिसायलाही लागलं. पण त्या मिनिटाला मला शंका नव्हती. मी बूट बघितला होता. मी खोटं बोलले ते सरांसाठी, माझ्या कंत्राटासाठी, राज्याच्या अंपायरांच्या यादीत सर माझं नाव घालणार होते त्यासाठी, आणि सगळ्यांत जास्त अशासाठी की सरांच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायची मला सवयच नव्हती.

"अंपायर सांगून राह्यली आपोआप गेला," सर मोठ्यानं म्हणाले. "दोन बेस. बॅटिंगवाली दुसऱ्यावर, रनर तिसऱ्यावर."

गुरुजी माझ्याकडं वळले. "म्याडम, तुमी तिथंच होत्या."

मी खाली बघत होते.

"होमवरच्या त्या पोरीकडं पाहून सांगा मले. एक डाव त्या पोरीकडं पाहा आन मंग सांगा."

सर म्हणाले, "गुरुजी, नियमाचं काई असंन तं बोला. नजरेच्या निकालावर दाद नसते. तुमच्या पुस्तकातच हाये."

आणि ते खरंच पुस्तकात आहे. गुरुजींचा हात शर्टाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

पोरीला होमवरून उठवून परत तिसऱ्या बेसवर नेणं हे बेस अंपायरचं काम, म्हणजे माझं. तिच्या मैत्रिणी तिच्या गळ्यात पडलेल्या होत्या. मी त्यांना बाजूला केलं.

"चल, तिसऱ्या बेसवर."

"मी तं आली नं म्याडम होमवर. मले काहून वापस नेऊन राह्यल्या?"

मी तिला नियम सांगितला. बॉल दोरीखालून गेला, म्हणून दोन बेस. पिचरनं बॉल टाकला तेव्हा तू पहिल्यावर होतीस. एक, दोन. म्हणजे तिसरा. मी बोटांनी मोजून दाखवलं. शब्द न् शब्द बरोबर होता. ती ऐकत होती. चालता चालता तिचा एक बूट निघाला, तो तिनं हातात घेतला आणि तशीच एका पायानं लंगडत तिसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली.

पुढच्या मुलीनं पहिलाच बॉल हवेत मारला. पिचरनं तो जागेवरून न हलता झेलला. मॅच संपली.

कुणी भांडलं नाही. वाशिमच्या मुली ओरडत मैदानभर पळाल्या. आश्रमशाळेच्या पोरी ओळीनं उभ्या राहिल्या, हात मिळवले, खाली बसल्या. मी बेस उपटून गोळा करत होते. तिसऱ्या बेसपाशी गेले तर ती अजून तिथंच होती. बेसवरून उतरली आणि म्हणाली, "म्याडम, तुमी पाह्यलं."

तिनं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "जा, तुमची जीप थांबलीये."

वाशिमचा संघ अमरावतीला विभागावर गेला आणि तिथून राज्यावर. त्यातल्या एका मुलीला पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागली. ती डाव्या अंगाची फिल्डर नव्हती. त्या फिल्डरला काहीच मिळालं नाही, बारावीनंतर तिचं लग्न झालं असं ऐकलं. मला मात्र मिळालं. पुढच्याच वर्षी राज्याच्या यादीत माझं नाव आलं. मी पक्क्या कुंपणाच्या मैदानांवर उभी राहिले. तिथं बॉल जाळीवरून उडून जायचा नाहीतर आपटून परत यायचा, भांडणाला जागाच नव्हती. मी अगदी कडक अंपायर झाले. एकदा एका मोठ्या शहरातल्या प्रशिक्षकानं मला दरडावलं तर मी त्याला मैदानाबाहेर घालवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या चालू असताना मी वाकून, सरांनी दिलेल्या ब्रशनं, स्वच्छ असलेली प्लेट पुन्हा झाडत होते.

आश्रमशाळेचा संघ मला पुन्हा जिल्ह्याच्या स्पर्धेत दिसला नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी चौकशी केली नाही.

मधे सात-आठ वर्षं गेली. माझी नोकरी कायम झाली. मग एका सरकारी सर्वेक्षणाच्या कामावर शिक्षकांच्या नेमणुका झाल्या आणि मला मंगरूळपीर तालुक्यातले तीन तांडे मिळाले. घरोघरी जायचं, माणसं, वय, शिक्षण, धंदा, कामासाठी बाहेरगावी जातात का, सगळं लिहायचं. दुसऱ्या तांड्यात सकाळी अकराच्या सुमारास एका घरी गेले. ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. मी नावं लिहून घेत होते तोवर आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी तिला चालण्यावरून ओळखलं. तिनं मला कशावरून ओळखलं माहीत नाही, पण पाणी देताना तिचा हात मधेच थांबला.

"शिक्षण?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"नववी."

"दहावी नाही दिली?"

"नाई. त्याच साली बंद केली."

म्हातारीनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "वळखता काय बाई तुमी हिले?"

मी तोंड उघडायच्या आधी सून म्हणाली, "नाई व मामी. शाळेत आल्या होत्या एक डाव, तपासणीले."

तिच्या सासरी कुणालाच माहीत नव्हतं की ती खेळायची. मी फॉर्म पूर्ण केला. धंदा, शेतमजुरी. स्थलांतर, होय, वर्षातून पाच-सहा महिने. पुढचं घर कुठलं असं विचारलं तर ती म्हणाली, "दाखवून देतो, चाला." गोठ्याच्या पलीकडं, म्हातारीच्या कानाआड गेल्यावर मी थांबले.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "त्या मुलीनं पायानं ढकललं होतं. मी बघितलं होतं."

"मले मालूम हाये."

"तुझा रन खरा होता."

"मालूम हाये म्हनलं नं." ती चिडली नव्हती. तिचा आवाज नुसता दमलेला होता. "तवा सांगाचं होतं. आता मले कायले सांगून राह्यल्या?"

मग तिनंच सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं. त्या साली तिचे मायबाप ऊसतोडीला जायचे होते. भावजय बाळंतीण होती, तिचं लेकरू सांभाळायला हिला संगं न्यायचं चाललं होतं. गुरुजी घरी येऊन बापाला भेटले. बाप म्हणाला होता, विभागावर गेली तर राहू देतो वसतिगृहात, नाही गेली तर नेतो.

"तं नेलं," ती म्हणाली. "वापस आली तवा परीक्षा होऊन गेली होती."

"आणि तुमचे गुरुजी?"

"त्यायनं दुसऱ्या साली टीम नाई नेली. पोरी म्हनल्या, चाला गुरुजी, यंदा आपन दहा रननं हरवतो त्यायले. गुरुजी म्हनले, जिथं पाहनारंच पाहून न पाह्यल्यासारखं करते, तिथं तुमाले नेऊन काय करू? ग्लोव्ह्ज कपाटात टाकले आन कुलूप लावलं."

तिनं समोरच्या घराकडं बोट केलं. "ते तुमचं पुढचं घर." आणि जाता जाता म्हणाली, "या बाजूनं पुन्यांदा आल्या तं माह्यासाठी येऊ नका. मामी विचारत राह्यते मंग."

त्या दिवशी उरलेली चौदा घरं मी केली. त्यांचे फॉर्म नंतर तपासले तेव्हा तीन ठिकाणी वयाच्या रकान्यात मी शिक्षण लिहिलेलं निघालं.

तोवर मी एवढंच समजत होते की मी एक मॅच चुकीची दिली. एका संघाचा खेळच मी बंद पाडला, हे मला त्या गोठ्यामागं कळलं.

त्यानंतर महिन्याभरानं मी सरांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, काठी घेऊन घरातल्या घरात फिरायचे. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. पत्नीला चहा टाकायला सांगितला, जुन्या मुलींची चौकशी केली. मी ठरवून गेले होते म्हणून बोलले, नाहीतर तो आनंद बघून परत आले असते.

"सर, ती फायनल आठवते? आश्रमशाळेची?"

"हाव, आठवते नं."

"त्या दिवशी मी खोटं बोलले. बॉल आत थांबला होता. आपल्या मुलीनं पायानं ढकलला."

सरांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"प्लेटवरून दिसलं होतं मले. पाय दिसला, बॉल हालला ते दिसलं. त्या पोट्टीले कोनं शिकवलं ते बी मले मालूम होतं. मी नाई शिकवलं. पन मालूम होतं."

"मग तुम्ही मला काहून विचारलं?"

"मी निकाल देला असता तं लोक म्हनले असते, सरानं आपल्या शाळेसाठी देला. तू बोलली तं कोनी काई बोललं नाई. तुह्या शब्दाले वजन होतं नं, पोरी. सारे म्हनत, ते बाई खोटं बोलत नाई."

हे ते कौतुकानं म्हणाले. अजूनही त्यांना ते कौतुकच वाटत होतं. मी विचारलं, "मी खरं सांगितलं असतं तर?"

"तं देला असता रन त्यायले. मी काय तुह्या निकालाच्या आड आलो असतो काय?" मग कपाकडं बोट दाखवून म्हणाले, "चहा घे, थंडा होऊन राह्यला."

मी तो चहा प्यायले. ओरडले नाही, कप आपटला नाही. निघताना वाकून नमस्कारही केला, कारण हात आपोआप खाली गेले. दारातून बाहेर पडल्यावर मला स्वतःचीच इतकी किळस आली की वाशिमच्या बसस्टँडपर्यंत मी चालत गेले, रिक्षावाल्याशी बोलायचीसुद्धा इच्छा नव्हती. ते खरं बोलले का, मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तो रन दिला असता का, हे मला आजही माहीत नाही. दिला असता, असं धरून चालले की जास्त त्रास होतो.

मी अंपायरांच्या संघटनेकडे पत्र दिलं. त्यात त्या मॅचचं सगळं लिहिलं आणि माझं नाव यादीतून काढा म्हणून कळवलं. उत्तर आलं की वैयक्तिक कारणास्तव दिलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे. वैयक्तिक कारण असं मी कुठंही लिहिलेलं नव्हतं. ज्या कागदावर मी सगळं कबूल केलं होतं तो कुणी शेवटपर्यंत वाचला की नाही, देव जाणे. सर मागच्या वर्षी वारले. शोकसभेत मला बोलायला बोलावलं, मी गेले नाही. मंगरूळपीरमध्ये अजून काही लोक माझ्याशी त्यावरून नीट बोलत नाहीत. ज्यांनी घडवलं त्यांच्या मातीलाही गेली नाही, म्हणतात. माती झाली तेव्हा मी गेले होते, सगळ्यांत मागं उभी होते. पण हे कुणाला समजावत बसावंसं वाटलं नाही.

आश्रमशाळेच्या गुरुजींचा पत्ता शोधायला वेळ लागला. तेही निवृत्त होऊन मानोऱ्याजवळ एका खेड्यात राहतात. या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं गेले. ते अंगणात ज्वारीची पोती शिवत होते. दाभण हातात तसंच ठेवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर आत गेले आणि वहीचा एक कोरा कागद आणि पेन घेऊन आले.

"लिहून द्या," म्हणाले.

"कोणाकडे पाठवणार?"

"कोनाकडंच नाई. मले पायजे."

मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहिलं. बॉल सीमारेषेच्या आत थांबला होता. क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलीनं तो पायानं बाहेर ढकलला. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि मी खोटा निकाल सांगितला. खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. 'क्षेत्ररक्षण' मधला 'क्ष' मी घाईत नीट काढला नव्हता, तो त्यांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला. मग कागदाची घडी करून आत ठेवून आले.

ते मला माफ केलं म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. पाणी विचारलं, चहा विचारला नाही.

"त्या पोरी भेटतात काय तुम्हाला?" मी विचारलं.

"भेटतात. बाजारात, लग्नात." ते पुन्हा पोत्याशी बसले. "एकीची पोरगी यंदा आश्रमशाळेत पाचवीत गेली. पळते म्हने चांगली." दाभणात सुतळी ओवता ओवता म्हणाले, "मंगरूळची बस तीनले फाट्यावर येते. पायी अर्धा घंटा लागते. निघा तुमी."

मी निघाले.